जपानी छापचित्रं आणि 19व्या शतकातली युरोपीय चित्रकला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोने, देगा, व्हॅन गॉग यांची चित्रं आवडणाऱ्यांना कुठे ना कुठे ‘जपानी प्रभाव’ हे शब्द भेटतातच. पुढे बहुतेक वेळा किमोनो, कागदी पंखे आणि चेरीचा बहर यांची यादी येते आणि विषय आटोपतो. मला वाटतं, खरी गंमत त्या यादीनंतर सुरू होते. पंखे आणि किमोनो दहा-वीस वर्षांत जुने झाले. पण भिंतीवर शोभणारं, नक्षीसारखं सजलेलं चित्र तितकंच खोलही असू शकतं, हा जपानकडून मिळालेला विश्वास टिकला. त्यावर युरोपीय चित्रकलेचं पुढचं अर्धं शतक उभं राहिलं. या विषयावर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

‘जापोनिझम’ म्हणजे नेमकं काय?

19व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात, विशेषतः पॅरिस आणि लंडनमध्ये, जपानी कलेची जी ओढ निर्माण झाली आणि तिथल्या चित्रकला, छपाई, भांडी, फर्निचर, कापड या सगळ्यांवर तिचा जो ठसा उमटला, त्याला हे नाव आहे. फ्रेंच कलासमीक्षक आणि संग्राहक फिलिप बुर्ती यांनी 1872 मध्ये ते वापरात आणलं. ही काही एका गटाची चळवळ नव्हती, कुणी जाहीरनामा काढला नव्हता. एकमेकांशी न पटणारे चित्रकारही या एका बाबतीत सारखेच भारावलेले होते.

त्याआधी युरोपला जपान माहीतच नव्हता का?

माहीत होता, पण फटीतून दिसावा तेवढाच. 17व्या शतकाच्या मध्यापासून जपानने आपली दारं परदेशी लोकांना जवळजवळ बंद केली होती. युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना परवानगी होती, तीही नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या छोट्याशा कृत्रिम बेटापुरती. तिथून लाखेची पेटारी, चिनी मातीची भांडी युरोपच्या राजवाड्यांत जात होती. सामान्य जपानी माणूस विकत घेई ती रंगीत छापचित्रं मात्र फारशी बाहेर पडली नव्हती.

1853 मध्ये अमेरिकी नौदलाचा कमोडोर पेरी युद्धनौका घेऊन एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, आखातात आला. पुढच्या वर्षी तह झाला. 1858 मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि नेदरलँड्स यांच्याशी व्यापारी करार झाले. हे करार जपानवर लादलेले होते हे विसरून चालणार नाही. कलेच्या या सगळ्या आनंदी कहाणीच्या पायाशी तोफा आहेत.

मग माल भराभर यायला लागला. लंडनच्या 1862 च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ब्रिटिश राजदूत रदरफर्ड अल्कॉक यांनी जमवलेल्या जपानी वस्तू मांडल्या गेल्या. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात जपानने स्वतः भाग घेतला. पॅरिसमध्ये रिव्होली रस्त्यावर देसोय दांपत्याचं जपानी वस्तूंचं दुकान होतं, आणि चित्रकार-लेखकांची तिथे ये-जा असे. लंडनमध्ये 1875 साली आर्थर लिबर्टी यांनी रीजंट स्ट्रीटवर उघडलेलं दुकानही अशाच पौर्वात्य मालावर मोठं झालं.

ही छापचित्रं पॅकिंगचा कागद म्हणून आली, ही गोष्ट खरी आहे का?

गोष्ट अशी सांगतात: 1856 च्या सुमारास फेलिक्स ब्राक्मों या छापचित्रकाराला पॅरिसमधल्या एका मुद्रकाकडे होकुसाई या जपानी चित्रकाराच्या रेखाटनांचं एक पुस्तक दिसलं. भांडी फुटू नयेत म्हणून ते खोक्यात कोंबलेलं होतं. मात्र ही हकिगत लिहिली गेली ती कित्येक दशकांनंतर, त्यामुळे अभ्यासक तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत.

पक्का पुरावा आहे तो पुढच्या कामाचा. 1866 मध्ये ब्राक्मोंने युजीन रुसो या व्यापाऱ्यासाठी जेवणाच्या भांड्यांचा एक संच सजवला. होकुसाई आणि हिरोशिगे या जपानी चित्रकारांच्या पुस्तकांतले मासे, कोंबडे, खेकडे, फुलं त्याने उचलली आणि ताटांवर टाकली. टाकली म्हणजे खरोखर टाकली. मध्यभागी मांडणी नाही, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. मासा एका कडेला, फुलाची फांदी दुसऱ्या कडेला, मध्ये पांढरी मोकळी जागा. 1867 च्या प्रदर्शनात हा संच गाजला. जपानी प्रभाव युरोपात आधी जेवणाच्या टेबलावर आला आणि नंतर कॅनव्हासवर, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

उकियो-ए, म्हणजे ही जपानी रंगीत छापचित्रं, कशी तयार होत? एकच चित्रकार सगळं करायचा का?

नाही. एका चित्रामागे चार जण असत: प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. आपण नाव लक्षात ठेवतो ते चित्रकाराचं, पण विषय ठरवणारा आणि पैसे घालणारा प्रकाशक असे.

चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करी. तो कागद उलटा करून चेरीच्या लाकडाच्या फळीवर चिकटवत. कोरणारा कागदातून दिसणाऱ्या रेघा तशाच ठेवून बाजूचं लाकूड काढून टाकी. मूळ रेखाटन या कामात नष्ट होई. या पहिल्या ठशावरून काळ्या रेघांच्या प्रती काढत आणि त्यावर कुठला रंग कुठे हे ठरवून प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरत. फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि एका कडेला सरळ खाच असे. प्रत्येक वेळी कागद त्या खाचांत बसवला की रंग जागच्या जागी पडे. यंत्र नाही, दाबपट्टी नाही. बांबूच्या सालीत गुंडाळलेली एक चपटी गोल गादी कागदाच्या पाठीवर हाताने घासायची, बस्स.

हिरोशिगेच्या आकाशात वरून खाली विरत जाणारा निळा पट्टा पाहा. तो कोरलेला नाही. छापणारा ओल्या फळीवर रंग लावताना तो एका बाजूला पुसत नेई, आणि प्रत्येक प्रतीसाठी हे नव्याने करावं लागे. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींतलं आकाश कधीच तंतोतंत सारखं नसतं. चित्रकाराइतकंच श्रेय त्या अनाम हातालाही द्यायला हवं असं मला नेहमी वाटतं.

बहुरंगी छपाई 1765 च्या सुमारास सुझुकी हारुनोबुच्या काळात सुरू झाली. विषय शहरी होते: नट, गणिका, कुस्तीगीर, प्रवासाची ठिकाणं. किंमत सामान्य शहरवासीयाच्या आवाक्यातली. पॅरिसमध्ये ज्यांची पूजा झाली, ती चित्रं त्यांच्या घरी रोजच्या करमणुकीची होती.

युरोपीय चित्रकारांना त्यात एवढं काय दिसलं?

त्यांच्या शाळेने जे जे ‘करू नका’ म्हणून शिकवलं होतं, ते सगळं तिथे केलेलं होतं आणि सुंदर दिसत होतं.

पॅरिसच्या अकादमीत चित्र म्हणजे खिडकी. खिडकीतून आत खोलवर जागा दिसली पाहिजे, प्रकाश एका बाजूने आला पाहिजे, वस्तूला छायेने गोलाई आली पाहिजे, मुख्य पात्र मधोमध हवं. प्रबोधनकाळापासून, म्हणजे चारशेहून अधिक वर्षं, हीच घडी बसलेली होती. छायाचित्रण आल्यावर तर हुबेहूब दिसणं यंत्रालाही जमू लागलं. हुशार तरुण चित्रकार या चौकटीत गुदमरत होते.

आणि समोर आली ही चित्रं. सपाट, एकसंध रंग. सावल्या जवळजवळ नाहीत. ठसठशीत बाह्यरेषा. क्षितिज एकदम वर, त्यामुळे जमीन उभी राहून भिंतीसारखी दिसते. झाडाचं खोड चित्राच्या अगदी पुढे, कडेने कापलेलं, आणि सगळा देखावा त्याच्या मागे. हिरोशिगेच्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या 1856 ते 1858 च्या मालिकेत तर हा खेळ पानोपानी आहे. कामेइदोच्या प्लमच्या बागेत एक वाकडी फांदी अख्खं चित्र अडवते, आणि माणसं तिच्यामागे टिकल्यांएवढी.

पैठणीच्या पदरावरच्या मोराला सावली नसते, त्याच्या पायाखाली जमीन नसते, तरी तो मोर खोटा आहे असं कुणी म्हणत नाही. युरोपातल्या चित्रकारांना हे आपल्या कॅनव्हासच्या बाबतीत नव्याने उमगलं: पृष्ठभाग सपाट आहे हे लपवायची गरज नाही.

शोभेच्या कलेला युरोपात कमी का लेखत, आणि जपानमुळे काय बदललं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

युरोपीय अकादमीत कलेची उतरंड ठरलेली होती. सर्वांत वर इतिहास, धर्म आणि पुराणकथांची मोठी चित्रं. मग व्यक्तिचित्रं, दैनंदिन दृश्यं, निसर्गचित्रं, तळाशी फळं-फुलं-भांडी. आणि ताट, पडदा, पंखा, भिंतीवरचा कागद हे तर या उतरंडीच्या बाहेरच. ते कारागिराचं काम, कलावंताचं नव्हे.

जपानी परंपरेत ही भिंत एवढी उंच नव्हती. ओगाता कोरिन सोनेरी वर्खावर आयरिसच्या फुलांचे घडीचे पडदे रंगवत असे आणि लाखेच्या पेट्यांचे आराखडेही करत असे. त्याचा भाऊ केनझान कुंभार होता आणि त्याच्या काही भांड्यांवर कोरिनने चित्रं काढली आहेत. वापरायच्या वस्तूवर काढलं म्हणून चित्राची पत उतरत नव्हती. युरोपीय चित्रकारांनी जेव्हा हे पाहिलं, तेव्हा त्यांना परवानगीच मिळाली: पडदा करा, पंखा करा, पोस्टर करा, खोली रंगवा, आणि चित्रकार म्हणूनच करा. देगाने पंखे रंगवले, पिसारोने रंगवले, गोगँनेही.

पिएर बोनारचं उदाहरण घ्या. मित्रांनी त्याचं नावच ‘अतिजपानी नाबी’ असं ठेवलं होतं. नाबी हा 1888 च्या सुमारास जमलेल्या तरुण चित्रकारांचा गट. 1890-91 मध्ये त्याने ‘बागेतल्या स्त्रिया’ ही चार उभी, अरुंद चित्रं केली. आधी तो त्यांचा घडीचा पडदा करणार होता, मग चारही वेगळी केली. आज ती पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. त्यांतल्या चौकड्यांच्या कपड्याकडे नीट पाहा. बाई वळलेली आहे, अंग वाकलेलं आहे, पण चौकडा वाकत नाही. कापड अंगावरून जात नाही, सरळ कागदावर पसरतं. अकादमीतल्या कुठल्याही मास्तरने हे चूक म्हणून लाल रेघ मारली असती. बोनारने ते मुद्दाम केलं आणि त्यामुळेच बाई, पानं, फुलं सगळी एका नक्षीत गुंफली गेली.

त्याच गटातल्या व्हुयारच्या चित्रांतल्या खोल्यांत पुढे हेच टोकाला जातं, माणूस आणि भिंतीवरचा कागद वेगळे काढता येत नाहीत. व्हिएन्नात सेसेशन गटाने 1900 साली जपानी कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं. गुस्ताव क्लिम्टच्या सोनेरी चित्रांत बायझंटाइन मोझेकइतकाच या जपानी सोन्याचाही वाटा आहे.

व्हिस्लरची मोरांची खोली म्हणजे काय?

लिव्हरपूलचा जहाजमालक फ्रेडरिक लेलंड याच्या लंडनमधल्या घरातली जेवणाची खोली. तिथे चिनी निळी-पांढरी भांडी मांडायची होती आणि लंडनमध्ये राहणारा अमेरिकी चित्रकार व्हिस्लर याचं ‘चिनी मातीच्या देशाची राजकन्या’ हे किमोनोतल्या स्त्रीचं चित्र लावायचं होतं. चिनी भांडी, जपानी पोशाख, सगळं एकत्र. त्या काळी युरोपात हा घोळ सर्रास चाले.

1876 मध्ये व्हिस्लरला थोडीशी डागडुजी सांगितली होती. मालक बाहेरगावी. व्हिस्लरने भिंतींवरचं जुनं किमती कातडं निळ्या-हिरव्या रंगाने झाकून टाकलं आणि त्यावर, छतावर, खिडक्यांच्या झडपांवर सोनेरी मोरपिसं रंगवली. पाहायला लोकही बोलावले. वर 2,000 गिनी मागितल्या. लेलंडने निम्मे दिले, तेही गिनीत नव्हे, पौंडांत. गिनी सभ्य लोकांच्या व्यवहाराची, पौंड व्यापाऱ्यांचा, म्हणजे हा उघड अपमान. व्हिस्लरने शेवटच्या भिंतीवर दोन भांडणारे सोनेरी मोर काढले, एकाच्या पायाशी नाणी विखुरलेली.

भांडणाची ही गोष्ट सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की इथे चित्र भिंतीवर टांगलेलं नाही, अख्खी खोलीच चित्र आहे. आज ती खोली जशीच्या तशी वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. व्हिस्लरच्या शांत, धूसर चित्रांत तर जपान आणखी खोल मुरला आहे. लंडनच्या टेट संग्रहालयातलं जुन्या बॅटरसी पुलाचं रात्रचित्र पाहा: एक उंच खांब, पुलाचा तुकडा, निळा अंधार आणि सोन्याचे चार ठिपके. हिरोशिगेच्या पुलांशी त्याचं नातं सांगावं लागत नाही.

मोनेने बायकोला किमोनो घालून काढलेलं चित्र या प्रभावाचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे का?

सर्वांत प्रसिद्ध आहे, सर्वांत चांगलं नाही.

1876 चं ‘ला जापोनेज’ हे चित्र जवळजवळ 2.3 मीटर उंच आहे आणि बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. लाल भरजरी किमोनोत कामीय मोने वळून हसते आहे, काळ्या केसांवर सोनेरी केसांचा टोप, हातात पंखा, मागे भिंतभर पंखे. किमोनोवर भरलेला योद्धा तिच्यापेक्षा जिवंत वाटतो. पण चित्र म्हणून ते पूर्णपणे युरोपीय आहे: वस्तू जपानी, पाहण्याची रीत पॅरिसची. म्हातारपणी मोनेला स्वतःलाच ते आवडेनासं झालं होतं.

त्याने 1893 मध्ये जिव्हर्नीच्या घराजवळ जमीन घेऊन तळं केलं, त्यावर कमानीचा लाकडी पूल बांधला. 1899 पासूनची पुलाची चित्रं आणि नंतरची कमळांची चित्रं पाहा. त्यांत किमोनो नाही, पंखा नाही. पण क्षितिज नाहीसं झालंय, पाणी उभ्या पडद्यासारखं समोर आलंय, आणि डोळ्याला कुठे एका जागी थांबायला सांगणारं काही नाही. जपान इथे दिसत नाही आणि सगळीकडे आहे. या माणसाकडे दोनशेहून अधिक जपानी छापचित्रं होती आणि पिवळ्या जेवणघराच्या भिंती त्यांनी भरलेल्या होत्या. रोज जेवताना जे डोळ्यांसमोर असतं, ते असंच हातात उतरतं.

व्हॅन गॉगने हिरोशिगेची सरळ नक्कल का केली?

शिकण्यासाठी. आणि ती नक्कल राहिली नाही.

पॅरिसमध्ये 1886-87 च्या हिवाळ्यात सीगफ्रीड बिंग या व्यापाऱ्याच्या माळ्यावर जपानी छापचित्रांचे ढीग होते. व्हॅन गॉगने त्यांतली सुमारे 660 चित्रं घेतली. विकून पैसे मिळतील अशी आशा होती. 1887 मध्ये तांबूरँ नावाच्या कॅफेत त्याने प्रदर्शन भरवलं, पण विक्रीच्या नावाने शून्य. चित्रं त्याच्याकडेच राहिली, आणि आपलं भाग्य थोर. आज त्यांतली सुमारे 500 ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहेत.

हिरोशिगेचं 1857 चं अताकेच्या पुलावरच्या अचानक आलेल्या सरीचं चित्र आणि त्यावरून व्हॅन गॉगने 1887 मध्ये रंगवलेलं चित्र शेजारी ठेवा. हिरोशिगेचा पाऊस केसाइतक्या बारीक रेघांचा आहे, किंचित वेगळ्या दोन कोनांत पडणारा. वर काळा ढग विरत जातो. पलीकडचा काठ करड्या सावलीएवढाच. पिवळ्या पुलावरची माणसं छत्र्या नि गवती इरल्यांखाली वाकून धावताहेत. एक माणूस तराफा ढकलतोय, त्याला पावसाचं काही नाही.

व्हॅन गॉगकडे बारीक रेघ नाही, जाड तैलरंग आहे. त्याचा पाऊस ब्रशने ओढलेला आहे. सपाट नदी त्याच्या हाती आल्यावर हलू लागते, निळ्या-हिरव्या फटकाऱ्यांनी. कॅनव्हास मूळ कागदापेक्षा रुंद, म्हणून उरलेल्या जागेत त्याने चौकट काढली आणि तिच्यात दुसऱ्या छापचित्रांवरची जपानी अक्षरं उतरवून भरली. अर्थ त्याला कळत नव्हता, त्याने ती नक्षी म्हणून घेतली.

1888 मध्ये तो दक्षिणेला आर्ल्सला गेला तो तिथे आपला जपान सापडेल या ओढीने. त्याच वर्षी भाऊ थिओला त्याने लिहिलं की आपलं सगळं काम काही अंशी जपानी कलेवर उभं आहे. फेब्रुवारी 1890 मध्ये पुतण्याच्या जन्मानिमित्त काढलेल्या बदामाच्या बहरात ते पूर्ण पचलेलं दिसतं: फांद्या, फुलं, निळं आकाश. जमीन नाहीच.

देगाच्या चित्रांत माणसं अर्धी कापलेली का असतात? तेही जपानीच का?

काही अंशी. देगा जपानी चित्रं जमवत असे, तोरी कियोनागाचं स्नानगृहातल्या स्त्रियांचं चित्र त्याच्या घरी होतं. पण तो छायाचित्रांकडेही बारकाईने पाहत होता, आणि कॅमेऱ्याची चौकटही माणसं अशीच कापते. दोन्हींकडून एकच धडा मिळाला असावा. सपाटपणाचंही तसंच: एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांतला सपाट रंग स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझकडूनही आलेला आहे. मात्र लेखक झोलाच्या 1868 च्या व्यक्तिचित्रात मानेने मागे जपानी पडदा आणि कुस्तीगिराचं छापचित्र लावून आपलं ऋण उघड मांडलं. प्रत्येक कापलेल्या कडेत जपान शोधायचा मोह टाळावा.

मेरी कसॅटचं नाव या संदर्भात कमी का ऐकू येतं?

येऊ नये इतकं कमी येतं. माझ्या मते जपानी छापचित्रांना त्या शतकात मिळालेलं सर्वांत समजूतदार उत्तर पॅरिसमध्ये राहणाऱ्या या अमेरिकी चित्रकर्तीचंच आहे.

1890 च्या वसंतात बिंगने पॅरिसच्या एकोल दे बोझार्त या सरकारी कलाशाळेत 700 हून अधिक जपानी छापचित्रांचं प्रदर्शन भरवलं. कसॅट ते पाहून वेडी झाली आणि चित्रकार मैत्रीण बेर्त मोरिझोलाही तिने ते पाहायचा आग्रह केला. नंतरच्या वर्षभरात तिने दहा रंगीत छापचित्रं केली, प्रत्येकाच्या फक्त 25 प्रती. तिने लाकूड वापरलं नाही. तांब्याच्या पत्र्यांवर, स्वतः शोधलेल्या वाटेने, तिने तसे सपाट रंग मिळवले.

‘पत्र’ या चित्रात एक बाई टेबलाशी बसून पाकीट ओठांना लावून चिकटवते आहे. मागे भिंतीवरच्या कागदावर पानाफुलांची नक्षी, अंगात निळा नक्षीदार पोशाख, पुढे तिरकं उभं झालेलं टेबल. नक्षीवर नक्षी असूनही डोळा थेट त्या पांढऱ्या पाकिटावर जातो. कापड, कागद, घरकाम, मुलाला आंघोळ घालणं, आरशासमोर केस बांधणं, हे उकियो-ए चित्रकार उतामारोचे विषय तिला उसने घ्यावे लागले नाहीत. ते तिच्या भोवतीचेच होते.

पोस्टरकलेवर परिणाम झाला का?

थेट. तुलूझ-लॉत्रेकची 1891 ची मुलँ रूजची आणि 1893 ची ‘दिवाँ जापोने’ची जाहिरात पाहा: काळा सपाट आकार, तिरकी रचना, वरच्या कडेने डोकं कापलेली गायिका. आपली आद्याक्षरं तो जपानी शिक्क्यासारखी वर्तुळात बसवत असे. रस्त्यावरच्या भिंतीसाठी स्वस्तात छापलेलं चित्र ही कल्पना दोन्हीकडे सारखीच.

जपानने युरोपकडून काही घेतलं नव्हतं का?

घेतलं होतं, आणि आधीच. होकुसाईची 1831 च्या सुमाराची ‘मोठी लाट’ आज जपानची ओळख मानतात. तिचा निळा रंग प्रशियन निळा आहे, 18व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला आणि व्यापारातून जपानला पोचलेला. लाटेमागे टेकडीएवढा छोटा दिसणारा फुजी हीदेखील डच चित्रांतून आलेल्या पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे लांबचं लहान काढून खोली दाखवण्याच्या रीतीची, करामत आहे. पॅरिसला ज्या चित्रांत ‘शुद्ध जपान’ दिसला, त्यांत युरोप आधीच मिसळलेला होता. मला यात कमीपणा दिसत नाही. बंद दारांच्या काळातही होकुसाई किती जागा होता, हे त्यातून कळतं.

मग जपानमध्ये तेव्हा काय चाललं होतं?

उलटा प्रवास. 1876 मध्ये टोकियोत सरकारी तांत्रिक कलाशाळा निघाली आणि इटालियन चित्रकार अंतोनियो फोंतानेझी तिथे तैलरंग आणि पर्स्पेक्टिव्ह शिकवू लागला. कुरोदा सेइकी पॅरिसला कायदा शिकायला गेला आणि चित्रकार होऊन 1893 मध्ये परतला. त्याच काळात 1878 च्या प्रदर्शनासाठी दुभाषा म्हणून आलेला हायाशी तादामासा पॅरिसमध्ये व्यापारी म्हणून स्थिरावला आणि त्याने असंख्य छापचित्रं युरोपात विकली. मायदेशात त्यांची किंमत तेव्हा फारशी कुणाला वाटत नव्हती. पुढे मात्सुकाता कोजिरो या उद्योगपतीने फ्रेंच जवाहिऱ्या आंरी व्हेव्हरच्या संग्रहातली सुमारे 8,000 छापचित्रं विकत घेऊन जपानला परत नेली. आज ती टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

ही सांस्कृतिक उचलेगिरी नव्हे का?

प्रश्न रास्त आहे. 2015 मध्ये बॉस्टनच्या संग्रहालयाने ‘ला जापोनेज’समोर प्रेक्षकांना किमोनो घालून फोटो काढायची सोय केली, तेव्हा निदर्शनं झाली आणि कार्यक्रम बदलावा लागला. या चित्रकारांपैकी बहुतेकांनी जपान कधी पाहिलाच नव्हता. त्यांचा जपान कल्पनेतला होता, त्यात बायका नेहमी गोड आणि माणसं नेहमी निसर्गाच्या कुशीत. हे कबूल करायला हवं.

पण मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. जपानी बाईला सजावटीची वस्तू करणं ही एक गोष्ट, आणि हिरोशिगेला गुरू मानून त्याच्यापुढे बसणं ही दुसरी. पहिलीत दुसऱ्याचं माणूसपण पुसलं जातं. दुसरीत स्वतःची चारशे वर्षांची सवय मोडायची तयारी लागते. व्हॅन गॉग आणि कसॅट मला दुसऱ्या रांगेत दिसतात. टिसो आणि आल्फ्रेड स्टीव्हन्स यांची किमोनो-पंख्यांची सुरेख चित्रं बहुतांशी पहिलीत.

महाराष्ट्रात राहून यातलं काही प्रत्यक्ष पाहता येईल का?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी आणि जपानी वस्तू आहेत. युरोपला आधी भुलवलं ते याच तऱ्हेच्या वस्तूंनी, म्हणून तिथून सुरुवात करणं योग्यच. भांड्यावरची रिकामी जागा पाहा, नक्षी कडेला कुठे तुटते ते पाहा.

चित्रांसाठी व्हॅन गॉग संग्रहालयाने आपली जपानी छापचित्रं संकेतस्थळावर ठेवली आहेत, फुकट आणि मोठ्या आकारात. त्यात फार नामांकित नसलेली, भडक लाल-जांभळ्या रंगांची कुनिसादाची चित्रंही पुष्कळ आहेत. ती टाळू नका. व्हॅन गॉगला माळ्यावर प्रामुख्याने हीच मिळाली होती.